काकाजी, पावती पुस्तक परत आणते आहे

काकाजी,

सादर नमस्कार.

तुमच्या-माझ्या घरात मोजून चार घरं. ओसरीवर येऊन बसले असते तरी काम झालं असतं. पण तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा मांड व" असं आत ओरडता आणि विषय तिथेच बुडतो. म्हणून हे सगळ्यांच्या देखत लिहिते आहे. पैसे तरी कुठे गुपचूप मागितले होते?

जूनमध्ये मी तुमच्याकडे आले तेव्हा वहीत एकच आकडा होता, १,२५,०००. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, गाण्यांचं चित्रांसकट पुस्तक, आणि पानावरचा कोड मोबाईलने टिपला की तेच गाणं आपल्याच बायांच्या आवाजात ऐकू येणार. छपाई ७५,०००, चित्रकार ३०,०००, ध्वनिमुद्रण २०,०००. क्राउडफंडिंग म्हणजे काय ते मी तुम्हाला तीनदा समजावलं. चौथ्यांदा तुम्ही म्हणालात, "म्हंजे वर्गनीच ना व?" आणि वही ओढून घेतलीत.

पहिलाच प्रश्न, "गानाऱ्या बायाईचं काय?"

मी गप्प. संस्कृती जपायला निघालेल्या बाईच्या हिशेबात गाणारणीच नव्हत्या, काकाजी. त्याची लाज मला अजून वाटते. चौदा बाया, प्रत्येकी १,५००, म्हणजे २१,०००. मग तुम्ही टपाल विचारलंत. १४,०००. मग पैसे गोळा करून देणाऱ्या संकेतस्थळाची फी, दहा टक्के, आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. जीएसटीला तुम्ही जे म्हणालात ते इथे लिहीत नाही. बेरीज जवळपास १,८२,००० झाली. वर तीन हजार 'चूकभूल' असं लिहून तुम्ही १,८५,००० वर रेघ मारलीत.

तुम्हाला आठवतं का, मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये देऊन 'मंथन' सिनेमा काढला? तुम्ही थोडा वेळ विचार केलात आणि विचारलंत, "पाच लाख पावत्या कोनं फाडल्या?" तेव्हा मी हसले. पुढे कळलं की सगळी मेख त्या प्रश्नातच आहे.

क्राउडफंडिंगचे दोन प्रकार असतात, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. एकात जेवढे जमतील तेवढे पैसे आपले. दुसऱ्यात आकडा पुरा झाला नाही तर ज्याचे त्याला परत. मला पहिला हवा होता, उघड आहे. तुम्ही म्हणालात, "अर्ध्या पैशात अर्धं पुस्तक छापशीन का?" वडशाच्या नाटक कंपनीला प्रयोगाची सुपारी दिली की तिकिटं खपोत न खपोत, ठरलेली रक्कम मोजावीच लागते, हे तुमच्याइतकं कोणी भोगलेलं नाही. तीस वर्षं नाटक बोलावणाऱ्या आपल्या मंडळाचे खजिनदार राहिलात, त्यातली दोन वर्षं स्वतःचे धान विकून भरपाई केलीत, हे काकूंनी मला सांगितलंय. तुम्ही कधी बोलला नाहीत. मी दुसरा प्रकार घेतला.

व्हिडिओसाठी मी लिहिलेलं भाषणही तुम्हीच फाडलंत. "लोप पावत चाललेला अनमोल ठेवा" अशी सुरुवात होती. तुम्ही म्हणालात, "कोठं लोप पावला? उद्या सकारी बांधीत ये." आले भाताच्या शेतात. ठेक्याने घेतलेल्या रोवणीत एकराचा भाव ठरलेला असतो, तिथे कंबर सरळ करायला वेळ नाही तर गाणं कुठलं. पण त्या दिवशी तुमच्या घरची रोवणी होती. एका बाईने ओळ उचलली, बाकीच्यांनी झेलली, आणि हातातले पऱ्हे, म्हणजे रोपं, संपले की गाणं मधेच तोडून "पेंडी टाक व" अशी हाक. नागपूरहून उधारीवर आलेला ध्वनिमुद्रण करणारा मुलगा कानाला हेडफोन लावून वैतागला होता. चिखलात रोप खोचल्याचा चुबुक-चुबुक आवाज त्याला नको होता, तो नंतर काढून टाकू म्हणाला. तुम्ही बांधाच्या टोकावरून ओरडलात, "अरे, तोच तं टार आहे!" टार म्हणजे टाळ.

तो आवाज तसाच आहे. ज्यांनी पैसे दिले त्यांच्यातल्या निम्म्यांनी तरी त्या आवाजाबद्दलच लिहिलं.

मोहीम मला जुलैतच सुरू करायची होती, पावसाचा मूड वगैरे. तुम्ही म्हणालात, पावसाळ्यात आपल्या झाडीपट्टीत, या पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, कोणाच्या खिशात पैसा असतो? दिवाळी होऊ दे, धान निघू दे, पुण्या-मुंबईची पोरं मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, गावी येऊ देत. तोवर बँकेचं लचांड निस्तरायला वेळ मिळाला हेही खरं. पासबुकावर माहेरचं नाव, पॅन कार्डावर सासरचं, आणि खिडकीपलीकडचा माणूस दर वेळी नवा कागद मागायचा. चौथ्या फेरीला तुम्ही सोबत आलात, काही बोलला नाहीत, नुसते बाकावर बसून राहिलात. त्या दिवशी काम झालं. कसं, ते मला आजही कळलेलं नाही.

आणि मंडईचा दिवस. जिलेबीच्या दुकानाशेजारी टेबल, पुठ्ठ्यावर चिकटवलेला क्यूआर कोड, आणि नेटवर्क गायब. माझा चेहरा पडला. तुम्ही पिशवीतून मंडळाचं जुनं पावती पुस्तक काढलंत, कार्बन घातलात आणि बसलात. पहिली पावती एका म्हाताऱ्या आजीची. पदराच्या गाठीतली वीसची नोट, घडी इतकी बारीक की उलगडताना फाटेल असं वाटलं. तिचं नाव तुम्ही पूर्ण लिहिलंत, नवऱ्याच्या नावासकट, आणि मोठ्याने वाचून दाखवलंत. त्यानंतर रांग लागली. संध्याकाळी तुमच्या नातवाने ती रोख रक्कम आपल्या फोनवरून एकाच व्यवहारात भरली. संकेतस्थळावर ती ओळ अजून दिसते: "मंडईतली ४६ माणसं, २,८७० रुपये." पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मात्र ४६ च्या ४६ नावं आहेत.

पहिल्या तीन दिवसांत ६२,००० झाले. मग अकरा दिवस काही नाही. रात्री दोनला उठून फोन बघायचे. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही अगदी थंडपणे विचारलंत, "'उद्या या' म्हननाऱ्याईची यादी कोठं आहे?" अशी यादी मी केलीच नव्हती. 'नक्की देते' म्हणालेले तेवीस जण निघाले. एकेकाला फोन केला. मागायची लाज तिसऱ्या फोनला गेली. काहींनी ८०जीची करसवलत मिळेल का म्हणून विचारलं. ती मान्यताप्राप्त संस्थांच्या देणगीला असते, मी एकटी बाई, त्यामुळे नाही, असं सरळ सांगितलं. त्यातल्या दोघांनी तरीही दिले.

एक गोष्ट मात्र तुमची चुकली, काकाजी. मी दोन हजार देणाऱ्यांना कप आणि टी-शर्ट देणार होते, ते तुम्ही खोडलंत, बरंच केलंत. पण त्याजागी "बांधीतला नवा तांदूर दे, किलोभर" हे तुमचं डोकं. अडतीस जण निघाले. अडतीस किलो तांदूळ पार्सलने पाठवायला काय लागतं ते आपण दोघांनीही मोजलं नव्हतं. 'चूकभूल'चे तीन हजार तिथेच गेले, वर थोडे माझे. एक पिशवी वाटेत फुटली. पुण्याच्या बाईंनी अर्ध्या रिकाम्या खोक्याचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "वास पूर्ण पोचला."

चाळिसाव्या दिवशी आकडा १,९७,४०० वर थांबला. ३११ नोंदी. २०२३ साली झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तुम्ही गावभर पेढे वाटले होते, तसेच त्या रात्रीही वाटलेत. पैसे कोणाचे ते मात्र सांगितलं नाहीत. वहीत ती नोंद नाही, म्हणून विचारते आहे.

पुस्तकाचे गठ्ठे या आठवड्यात वडशाला उतरतील. नातू गाडी घेऊन येतो म्हणाला आहे. बायांचं मानधन दिलं, तेराजणींच्या सह्या आणि एकीचा अंगठा घेतला आहे. शनिवारी सात वाजता हनुमान मंदिरासमोर हिशेब वाचायचा आहे. वाचणार तुम्ही. पावती पुस्तक घेऊन येते, त्यात अजून नऊ पावत्या कोऱ्या आहेत. चष्मा विसरू नका.

तुमची,
चार घरं सोडून राहणारी