यंदाच्या पत्रातली गाळलेली ओळ

नौपाडा, ठाणे (प.)
दि. ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाळ्या,

स. न. वि. वि.

"यंदाच्या दिवाळीच्या पत्रात नव्या घराचा उल्लेखच नाही, सगळं ठीक ना?" हा तुझा मेसेज मिळाला. असं विचारणारा तू एकटा नाहीस. मामांचा फोन येऊन गेला, सासूबाईंनी तर भाऊबीजेला हिला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं. एक ओळ लिहिली असती तर कुणी विचारलंही नसतं, गाळली तर बोभाटा. सविस्तरच लिहितो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

आमचं दिवाळीचं पत्र हा मुळात हिच्या आजीसाठी सुरू झालेला उद्योग. आजी चिपळूणकडे, ऐकू कमी येतं, फोनवर दोन्हीकडून नुसतं हॅलो हॅलो. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला हिने अंतर्देशीय धाडलं. आजीने ते शेजारणीकडून वाचून घेतलं आणि वाडीभर सांगत सुटली. मग माझी आत्या रुसली, आपल्याला का नाही म्हणून. आता ए-फोरचा कागद पाठपोट हाताने लिहायचा, गोखले रोडवर झेरॉक्स काढायच्या, पाकिटांना पाच रुपयांची तिकिटं डकवायची. मराठीत दिवाळी अंक १९०९ पासून निघतायत, त्यातला सगळ्यात बारका आमचा. संपादक ही. जाहिरात विभाग माझ्याकडे.

वाद दरवर्षी मजकुरावरून. मी लिहिणार, "कर्ज मंजूर झाले, सातव्या मजल्याचा स्लॅब टाकून झाला." ही ते खोडणार. तिच्या लेखी बातमी म्हणजे खालच्या काकूंचं मोतीबिंदू, गॅलरीतल्या कढीपत्त्याला फुटलेली पालवी आणि मी केलेले अनारसे कढईत हसले ते. (ही बातमी दोन वर्षं छापून आली. निषेध नोंदवलाय.) एका ओळीवर मात्र दोघांचं एकमत असायचं: "पुढची दिवाळी नव्या घरात, तेव्हा यायचंच." यंदा ती लिहायची वेळ आली तशी हिने पेनाला टोपण लावलं. "आजीने वास्तुशांतीला नेसायचं लुगडं काढून ठेवलंय. बिल्डरने तारीख पुढे ढकलायची आणि आपण इथून ती गावाला कळवायची, हे काम मला नको." मी म्हटलं, निदान 'लवकरच' असं लिहू. ती म्हणाली, तो बिल्डरही तेच लिहितो.

घर कसं ठरलं ते तुला तुकड्यातुकड्यांत माहीत आहे. नौपाड्यातल्या भाड्याच्या घरातून स्टेशन चालत. हिला नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून ऐरोलीची ट्रान्सहार्बर लोकल, मला कुर्ल्यासाठी स्लो. राहायला याहून सोयीचं काय? पण इथल्या जुन्या इमारती रिडेव्हलपमेंटला गेल्या की नव्या फ्लॅटचा भाव ऐकूनच आपण जिना उतरायचा. म्हणून मग घोडबंदर रोड. दर रविवारी सँपल फ्लॅट बघायचा आमचा छंदच झाला होता. तिथे आतल्या खोल्यांना दारं लावत नाहीत आणि पलंग मापाने आखूड असतो, म्हणजे खोली ऐसपैस दिसते. हे हिच्या लक्षात आलं कारण ही उंच. ती सरळ त्या पलंगावर आडवी झाली, पाय बाहेर. सेल्सवाला पोरगा इतका गोरामोरा झाला की मला त्याचीच दया आली.

बुक केलेला वन बीएचके ७८ लाखांचा. करार करताना मला हुशारी सुचली. बाई एकटी खरेदीदार असेल तर आपल्याकडे मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. नवराबायको दोघांच्या नावावर घेतलं की ती मिळत नाही. म्हणजे ७८ हजार वाचत होते. मी म्हटलं, घे तुझ्या एकटीच्या नावावर. हिने उलटा हिशेब मांडला: तुझं नाव मालक म्हणून नसेल तर हप्ता भरूनही व्याजाची वजावट तुला मिळायची नाही, तू तर जुन्याच करपद्धतीत आहेस. शिवाय, "उद्या कडाक्याचं भांडण झालं तर तुला बाहेर काढताना मला उगीच संकोच वाटेल." दोघांची नावं लागली, ७८ हजार सरकारजमा.

खरी मेख प्री-ईएमआयची. हे तुला कामाला येईल म्हणून लिहितो. ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर पूर्ण हप्ता ५२ हजारांच्या आसपास. पण बांधकाम चालू असेपर्यंत बँक एकेका मजल्याच्या स्लॅबप्रमाणे पैसे सोडते आणि जेवढे सोडले तेवढ्याचं नुसतं व्याज आपण भरायचं. निम्मं कर्ज उचललं गेलं तेव्हा महिन्याला २१,२५० रुपये जात होते आणि मुद्दल जागचं हलत नव्हतं. वर इथलं भाडं. म्हणजे ज्या घरात राहतो त्याचेही पैसे, ज्यात राहत नाही त्याचेही. पझेशन लांबलं की हा दुहेरी मार लांबतो. स्थावर मालमत्ता कायद्याच्या (रेरा) कलम १८ प्रमाणे उशिराचं दरमहा व्याज बिल्डरकडून मागता येतं, दर स्टेट बँकेच्या सर्वात वरच्या एमसीएलआरच्या (कर्जाचा पायाभूत दर) वर २ टक्के. आमच्या खरेदीदारांच्या ग्रुपवर अर्ज करायचं ठरतं, मग कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं आणि विषय बुडतो. शेवटी आम्ही दोघांनीच वकील गाठलाय.

दसऱ्याला साइटवर गेलो होतो. वॉचमनने हेल्मेटं दिली. भिंती उभ्या, फरशी नाही, सगळीकडे सिमेंटचा ओला वास. हिने पर्समधून टेप काढली. स्वयंपाकघराच्या जागी उभी राहिली, कोपर वाकवून हवेतच कणीक मळली आणि मला म्हणाली, "माप." ३५ इंच भरलं. मग मला उभं केलं, कारण आमच्याकडे पोळ्या माझ्याकडे असतात. माझं ३२. गवंड्याला विचारलं तर तो म्हणे सगळीकडे ३३ चाच ओटा घालतो, मॅडम. तिथेच, सळया आणि गोण्यांच्या मधे, आमचं तीन इंचांवरून जे जुंपलं, ते घरी येईपर्यंत, मेट्रोच्या खांबांखालच्या अख्ख्या ट्रॅफिकभर चाललं. कापूरबावडीला ही म्हणाली ३४ आणि वर तुला पाट. मी हो म्हटलं. खरं सांगू, इतक्या महिन्यांत घराबद्दल आम्ही बोललो ते व्याज, तारखा, वकील एवढंच. त्या दिवशी पहिल्यांदा तिथल्या पोळ्यांवरून भांडलो. मला फार बरं वाटलं. हे मी पत्रात घालू म्हटलं तर संपादकांनी जागा नाही म्हणून सांगितलं. जागा होती रे, कढीपत्त्याला होती.

आता तुझं. बदली बेलापूरला होतेय तर उलव्यात लगेच बुक करू नकोस. ८ ऑक्टोबरला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, पण प्रवासी विमान उडायच्या आधीच दलालांचे भाव उडालेत. नेरूळ-उरण लोकलने बामणडोंगरीला उतर, संध्याकाळी गाड्यांचं टायमिंग बघ, पाणी किती वेळ येतं ते दलालाला नाही, वाण्याला विचार. रिसेलचं घेतलंस तर सिडकोचे ट्रान्सफर चार्जेस कोण भरणार ते टोकन देण्याआधी लिहून घे, तिथली जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली असते. आणि मुख्य म्हणजे वहिनींना घेऊन जा. तू एकटा गेलास तर पार्किंग बघून येशील.

तोवर अकरा महिने भाड्याने राहा, करार रजिस्टर करून घे. खारघर, नेरूळ, कुठेही. ट्रान्सहार्बरने तासाभरात आमच्याकडे पोचशील. गुढीपाडव्याची शोभायात्रा तुम्ही दोघांनी अजून पाहिलेली नाही, तेव्हा आदल्या रात्रीच या, सकाळी लवकर उठून तलावपाळीला जाऊ. झोपायला गादी बाहेरच्या खोलीत, डोक्याशी कपाट, पाय दाराकडे, माहीत आहेच तुला.

नवा पत्ता पिनकोडसकट कळव. मागचं पाकीट तुझ्या जुन्या घरमालकाने फोडून वाचलं होतं आणि अनारशांचं काय झालं म्हणून मला फोन केला होता.

काकाकाकूंना नमस्कार, वहिनींना दोघांतर्फे विचारल्याचं सांग.

तुझाच,
ठाणेकर