केबिनमधल्या बाटल्यांचं घर

प्रिय सुध्या,

तुझं पत्र मिळालं. माझ्या बोटीच्या केबिनमधल्या दारूच्या बाटल्यांच्या होल्डरचा फोटो पाठव म्हणालास, पण फोटोत नुसती फळी आणि तिच्यात उभ्या बाटल्या दिसतात, खरं काम आहे ते फळीच्या मागे आणि खाली, म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय. लांबेल जरा, निवांत वाच.

आधी तुझ्या त्या रेडिमेड वाइन रॅकबद्दल. आणू नकोस. वाइनची बाटली आडवी ठेवतात कारण तिचं बूच ओलं राहायला हवं, पण व्हिस्की, रम, ब्रँडी यांच्यात अल्कोहोल चाळीस टक्क्यांच्या आसपास, ते बुचाला खातं, बूच भुसभुशीत होतं आणि वासही आत उतरतो. त्यामुळे या बाटल्या उभ्याच ठेवायच्या. आणि दुसरं म्हणजे घरातला रॅक बनवणाऱ्याने जमीन स्थिर आहे असं धरलेलं असतं, आपल्याकडे तर जमीनच चालते.

बाटली कधी पडते याचा हिशोब एकदा कागदावर करून बघ, मला त्याने फार फायदा झाला. साधारण 750 मिलिची भरलेली गोल बाटली घे, तळाचा व्यास 76 मिमी, उंची 30 सेमी, तिचं वजनाचं केंद्र तळापासून अंदाजे साडेबारा सेमीवर येतं. म्हणजे ती 17 अंश कलली की स्वतःहून आडवी होणार. शिडाची बोट चांगल्या वाऱ्यात 20-25 अंशांवर आरामात चालते, म्हणजे नुसत्या शेल्फवर बाटली उभी राहणारच नाही, आणि शेल्फच्या कडेला दोन सेमीची पट्टी मारली, ज्याला बोटवाले फिडल म्हणतात, तर ती बाटलीला सरकण्यापासून अडवेल पण पडण्यापासून नाही, उलट तळ अडकून बाटली त्याच पट्टीवरून पलीकडे जाईल. जुन्या जहाजांवर यासाठी खास डिकँटर, म्हणजे दारू ओतून ठेवायच्या काचेच्या सुरया, असायचे, बूड एकदम पसरट आणि मान बारीक, अठराव्या शतकापासून ते चालत आलेत. तिथे त्यांनी बाटलीचा आकारच बदलला. आपण बाटली दुकानातून येईल तशी घेणार, त्यामुळे आपल्याला आधार वर न्यावा लागतो, एवढाच सगळा खेळ आहे.

म्हणून माझ्या होल्डरला दोन फळ्या आहेत. खालच्या फळीत 15 मिमी खोल घर, त्यात बाटलीचं बूड बसतं. वरची फळी त्याच्या 14 सेमी वर, म्हणजे वजनाच्या केंद्राच्या जरा वर, ती बाटलीला कमरेत धरते. बूड आणि कंबर अशा दोन ठिकाणी धरलं की बोट कुठल्याही बाजूला कलू दे, बाटली हलत नाही.

आता खरी मेख. वरच्या फळीला गोल भोकं पाडली तर बाटली काढायला ती पूर्ण वर उचलावी लागते, म्हणजे 30 सेमीच्या बाटलीवर अजून 14-15 सेमी मोकळी जागा लागणार, आणि केबिनमध्ये वर डेकचं छत नाहीतर लॉकर असतं, तेवढी जागा कुठेच नसते. तुझ्या केबिनमध्ये तर नाहीच, मी बघितलीये. त्यामुळे भोकं गोल नकोत, पुढून उघडी हवीत, इंग्रजी यू सारखी. बाटली फक्त दोन सेमी उचलायची, खालच्या घरातून बूड सुटलं की पुढे ओढून घ्यायची. आणि यूच्या तोंडावर एक आडवी पट्टी, दोन्ही टोकांना खाचेत वरून बसणारी, डाव्या टोकाला छोटी कडी. अंधारात एका हाताने निघते, दुसरा हात आधाराला मोकळा राहतो, आणि बोटीवर एक हात कायम मोकळा पाहिजेच, हे तुला मी काय सांगू.

मापं घेताना बाटल्यांच्या मागे लागू नकोस. आज जी बाटली आहे ती संपणार आणि पुढची दुसऱ्याच आकाराची येणार. एक लिटरची जाड असते, काही बुटक्या, ग्लेनफिडिकची त्रिकोणी, जॉनी वॉकरची चौकोनी. चौकोनी बाटलीचं गणित बघ, बाजू 75 मिमी असेल तर कर्ण 106 मिमी, कोपरे गोल असतात म्हणून थोडा कमी धर, पण गोल घरात ती बसवायची तर घर केवढं मोठं होतं आणि बाटली आत गरगर फिरते ते वेगळंच. मी दोन घरं चौकोनी ठेवली, बाकीची गोल, सगळी मोठ्यात मोठ्या बाटलीच्या मापाची, आणि बारीक बाटल्यांसाठी जाड फोमचे सुटे कडे कापून ठेवले, घातले की घर लहान होतं. दोन घरांच्या मध्ये किमान 18-20 मिमी लाकूड राहू दे, नाहीतर दोन यूंच्या मधल्या त्या लाकडी जिभा मोडतात. जिभेत लाकडाच्या रेषा उभ्या-आडव्या कशा येतात तेही बघ, म्हणूनच मी वरच्या फळीला अखंड लाकूड न घेता मरीन प्लाय, म्हणजे बोटीसाठीचा प्लायवूड घेतला, बीएस 1088 या ब्रिटिश मानकाचा, 12 मिमी, त्यात थर उलटसुलट असल्याने जीभ सहज तुटत नाही. दर्शनी पट्ट्या मात्र सागवानाच्या. सागवान तेलकट लाकूड आहे, एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून होणारा तो चिकट राळ, लावायच्या आधी ॲसिटोनने पुसून लगेच चिकटव, तेल पुन्हा वर यायच्या आत.

आवाजाबद्दल थोडं जास्त लिहितो कारण तू विचारलंच नाहीस आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. बाटली फुटणं क्वचित होतं, वाजणं रोजचं. नांगर टाकून झोपायचं, हलका हेलकावा असतो, आणि मग ते टिक, टिक सुरू, काचेवर काच किंवा काचेवर लाकूड, एकदा कानात बसलं की झोप गेली. इंजिन चालू असताना तर ठराविक आरपीएमला सगळी बाटल्यांची रांग गुणगुणते. त्यामुळे प्रत्येक घराला आतून 3 मिमी निओप्रीन, म्हणजे मऊ फोमसारखं रबर, तळाला पण, आणि पुढच्या पट्टीच्या आतल्या बाजूला पण. लोक फेल्ट लावतात, दिसतो छान, पण तो खारट दमटपणा धरून ठेवतो, कधी वाळत नाही आणि वास मारतो. बंद पेशींचा कुठलाही फोम चालेल, पाणी न पिणारा. घर कापताना ही जाडी धरायला विसरू नकोस, दोन्ही बाजूंचे मिळून 6 मिमी, 90 चं घर केलंस तर बाटलीला 84 मिळणार. बाटली बसताना किंचित घासून बसली पाहिजे, सैल पडता कामा नये.

पुठ्ठ्याचं मॉडेल आधी कर, हा माझा आग्रह आहे. बोटीत काटकोन नाही, ओळंबा आणि पाणसळ तर विसरूनच जा, हलत्या बोटीत दोन्ही खोटं बोलतात. हलची, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाची, बाजू आतून गोल असते, त्यामुळे मागची कड पुठ्ठ्यावर गिरवून घ्यावी लागते. पुठ्ठा भिंतीला टेकवायचा, कंपासचं एक टोक भिंतीवरून फिरवायचं आणि पेन्सिल पुठ्ठ्यावर रेघ काढत जाते, कापायचं, परत लावायचं, फट राहिली तिथे तुकडा चिकटवायचा. मग त्या पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये रिकाम्या बाटल्या ठेवून बघ, लॉकरचं दार उघडतं का, बंकवरून, म्हणजे झोपायच्या फळीवरून, उठताना डोकं आपटतं का.

कापताना होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, एका बाजूने आरपार नेऊ नको, मधल्या ड्रिलचं टोक पलीकडे दिसलं की फळी उलटून दुसऱ्या बाजूने, म्हणजे प्लायचा चिरफाळा उडत नाही. मग यूची तोंडं करवतीने उघडायची, कडा राउटरने गोल करायच्या. प्लायच्या कापलेल्या कडा पाणी ओढतात, त्यांना एपॉक्सीचे दोन-तीन हात आधी, वार्निश नंतर.

जागा कुठली ते ठरवलंयस का? नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, नको, तिथे बोट सगळ्यात जास्त आपटते. मधोमध आणि जमेल तितकं खाली, बल्कहेडला, म्हणजे केबिनच्या आडव्या भिंतीला. सहा भरलेल्या बाटल्या म्हणजे आठ किलोच्या आसपास, आणि लाटेवरून बोट आपटली की तो भार क्षणभर काही पट होतो, म्हणून नुसते लाकडी स्क्रू पुरणार नाहीत, आरपार बोल्ट आणि मागे पट्टी, स्टेनलेस 316 चे. भोक पाडायच्या आधी पलीकडे हात घालून वायरी आणि पाइप बघ, आणि हलला तर भोक पाडायचंच नाही. अजून एक, तुझं होकायंत्र बल्कहेडच्या बाहेरच्या अंगाला आहे ना? मग आतल्या पट्टीला मॅग्नेटचा कॅच अजिबात लावू नकोस, सुई भरकटेल. साधी पितळी कडी बरी.

स्टोव्हपासून आणि इंजिनच्या खोलीपासून लांब. चाळीस टक्क्यांच्या दारूची वाफ साधारण 26 अंश सेल्सिअसला पेटू शकते, उन्हाळ्यातली बंद केबिन तेवढी सहज तापते. खिडकीसमोरही नको, ऊन पडून रंग आणि चव जाते. आणि खाली उथळ ट्रे ठेव, काढता-घालता येणारा. कधी फुटलीच तर काचा ट्रेमध्ये राहतील, नाहीतर त्या बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचतं तिथे, जातात आणि बिल्ज पंप अडकतो, भर समुद्रात ते परवडत नाही. तळाच्या प्रत्येक घराला बारीक छिद्र पाडून ठेव म्हणजे ओल ट्रेमध्ये उतरेल.

माझ्या होल्डरवर वरून मानेजवळ एक शॉक कॉर्ड, म्हणजे ताणली जाणारी रबरी दोरीही आहे, खराब हवामानात ओढून घेतो. आणि बोट चालू असेपर्यंत यूच्या तोंडावरची ती आडवी पट्टी काढायची नाही हा आमच्या बोटीवरचा नियम आहे, नांगर पक्का धरला की मगच, तूही पाळ.

आता तू एवढं कर. बल्कहेडची रुंदी, बंकपासून छतापर्यंतची उंची आणि तुझ्याकडच्या सगळ्यात जाड बाटलीचा व्यास, एवढी तीन मापं कळव. बाटलीला दोरा गुंडाळून घेर मोज आणि 3.14 ने भाग, पट्टी लावून व्यास घेतलास तर चुकतो. मापं आली की वरच्या फळीचा आराखडा पूर्ण मापात काढून पाठवतो, कापायचं तू, यूच्या जिभा मात्र मी सांगितल्यापेक्षा बारीक करू नकोस.

तुझा,
अव्या