फडावरून आलेला आवाज

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू तयार करून पाठवलेला फोनवरचा वाचनाचा पाठ काल रात्री जेवणं उरकल्यावर दोनदा पाहिला. चित्रं गोड आहेत, आवाज स्वच्छ आहे, वाचतावाचता शब्द उजळत जातो तेही मला आवडलं. "आई, मनापासून सांग, पोरांना उपयोग होईल का?" असं तू विचारलंस आणि मी फोनवर "होईल, होईल" म्हटलं. ते अर्धंच उत्तर होतं. उरलेलं लिहून कळवते.

आधी एक सांगते. यंत्राला नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही, हे तू लहानपणापासून बघितलंयस. शाळेत टीव्ही आला तो गावच्या लोकवर्गणीतून. कुणी शंभर दिले, कुणी ज्वारीचं पोतं दिलं. भरती-ओहोटीचा धडा मी त्याआधी कितीतरी वर्षं फळ्यावर रेघा ओढून शिकवला होता. आपल्या बालाघाटाच्या डोंगरातल्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही. टीव्हीवर पाणी मागं हटलं आणि होड्या चिखलात बसल्या, तेव्हा सगळा वर्ग उठून उभा राहिला होता. तो दिवस मी विसरणार नाही. पुढं बिल थकलं म्हणून शाळेची वीज तोडली आणि टीव्हीवर कापड टाकून ठेवावं लागलं, तेव्हा रडू आलं होतं मला.

परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडायची वाट दाखवली, बालभारतीच्या पुस्तकांत ते कोड आले, सरकारचं अभ्यासाचं दीक्षा ॲप आलं, तेव्हा मीही रात्री जागून शिकून घेतलं. २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना, एका जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला, मिळालं आणि त्यांनी बक्षिसातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. ती बातमी मी परिपाठात वाचून दाखवायला हवी होती, पण तेव्हा वर्गात मुलंच नव्हती.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. गावाकडचे पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले ते १ डिसेंबर २०२१ला. म्हणजे जून २०२०मध्ये पहिलीत नाव घातलेलं लेकरू वर्गात पहिल्यांदा बसलं तेव्हा ते दुसरीत होतं. मधल्या काळात आम्ही हातपाय मारले. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची, ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्या दारात बाकीची पोरं बसायची. व्हॉट्सॲपवर गट केला, अभ्यास टाकला, व्हिडिओ टाकले.

पण आपल्या गावात घरात फोन एकच, तोही बापाच्या खिशात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मजूर नेणाऱ्या मुकादमाची गाडी आली की नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ती जोडी, ऊसतोडीला निघतो, आणि फोनही त्यांच्यासोबत जातो. मुलं आजीकडं राहिली तर फोन उसाच्या फडावर आणि पोर गावात. म्हणून मी रोज टाकत होते ते व्हिडिओ पन्हाळ्याच्या आणि कराडच्या बाजूला ऊस तोडणाऱ्या बापांच्या फोनमध्ये जाऊन पडत होते. हे लक्षात यायला मला तीन आठवडे लागले, याची खंत आजही आहे. बघितल्याच्या निळ्या खुणा दिसायच्या ना, त्यांवर मी विश्वास ठेवला.

मग मी व्हिडिओ टाकणं कमी केलं आणि जी मुलं आईबापाबरोबर फडावर गेली होती त्यांना सांगितलं, रात्री एक पान वाचा, आवाज रेकॉर्ड करा, मला पाठवा. आवाजाला डेटा कमी लागतो, रेंज सापडेल तेव्हा तो आपोआप येऊन पडतो. आमची तिसरीतली एक मुलगी रोज पाठवायची. मागं ट्रॅक्टरची धडधड, आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, कुणीतरी "लवकर आटप, चार्जिंग संपलं" म्हणायचं. ती मात्र खणखणीत वाचायची, कुठं अडखळ नाही. मी खूश. शाबासकी देत होते.

एकदा उगाच वाटलं म्हणून म्हटलं, "आज शेवटच्या ओळीपासून वर वाच." त्या रात्री रेकॉर्डिंग आलं त्यात ती पहिल्यांदा थांबली. बराच वेळ नुसता ट्रॅक्टर. मग दबक्या आवाजात, "मॅडम, खालून येत नाही." मोठ्या बहिणीनं म्हणून घेतलेलं पान तिनं तोंडपाठ केलं होतं. अक्षर तिला लागतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवलं. म्हटलं, कोपीच्या, तुमच्या फडावरच्या झोपडीच्या, आजूबाजूला जे लिहिलेलं दिसेल ते शोध, फोटो काढ आणि वाचून पाठव. पहिला फोटो आला खताच्या गोणीचा, कोपीला आडोसा म्हणून लावलेल्या. "यु... रि... या." मग ट्रॉलीच्या फळीवरचं "आईचा आशीर्वाद". मग बिस्किटाचा पुडा. रोज दोन-तीन शब्द. एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, गाडी गावात आली, ती मुलगी सरळ शाळेच्या ओट्यावर आली आणि फळ्यावरची तारीख वाचली. तारीख मार्च २०२०चीच होती, कुणी पुसली नव्हती.

आता तुझ्या पाठाकडं येते. त्या मुलीनं तुझा पाठ घेतला असता तर तिला पाचही चांदण्या मिळाल्या असत्या, कारण तिनं बरोबरच म्हटलं असतं. तिची अडचण दिसली ती ती थांबली तिथं, आणि मी ऐकत होते म्हणून. तुम्ही लोक माझ्याकडून मुलाकडं काय जाईल याचा फार सुंदर विचार करता. मुलाकडून माझ्याकडं काय येईल, त्याचं काय? माझ्या पस्तीस पोरांतलं कोण कुठल्या शब्दाला किती वेळ अडलं, त्याचा आवाज मला ऐकू दे. गुण नकोत, आलेख नकोत, आवाज दे. आणि रेंज नसताना पाठ चालला पाहिजे, रेंज आली की आपोआप निघाला पाहिजे. ‘इंटरनेट नाही’ अशी पाटी दाखवून पोराला परत पाठवू नकोस.

आवाजानंही सगळं कळत नाही, तेही सांगते. शाळा उघडल्यावर दुसरीतला एक पोरगा ‘ग’ काढत होता. मी शेजारी उकिडवी बसले होते म्हणून दिसलं. आधी डोक्यावरची रेघ, मग दंड खालून वर, आणि शेवटी डावं वळण उलटं फिरवून जोडलं. अक्षर तयार झालं ते बिनचूक. वर्षभर त्याच्या वहीचे फोटो मी बरोबरच्या खुणा करून परत पाठवले होते. पण असं उलटं लिहिणाऱ्याचा हात श्रुतलेखनात मागं पडतो, निम्मे शब्द सुटतात, आणि आपण म्हणतो याचं लक्ष नाही. त्याचा हात धरून दंड वरून खाली ओढायची सवय लावायला महिना गेला. हे काम फोनला सांगू नकोस, ते माझ्याकडं राहू दे. फक्त त्याच्या शेजारी बसायला मला वेळ मिळाला पाहिजे. हल्ली वर्ग चालू असताना ‘आजच्या आज माहिती भरा’ म्हणून लिंक येतात, फोटो मागतात, आणि पोरं समोर बसलेली असताना मान खाली घालून मी फोनमध्ये असते. मला त्याचं फार वाईट वाटतं. तुमच्या पाठात माझ्याकडून भरून घ्यायचा एक रकाना जरी असेल तर तो काढून टाक.

तुझं काम मोठं आहे आणि तू ते मन लावून करतेस, हे पाठातल्या प्रत्येक चित्रात दिसतं. तुझ्या साहेबांना हे पत्र वाचून दाखवायचं असेल तर दाखव.

जुन्या फोनमध्ये तिची सगळी रेकॉर्डिंग मी जपून ठेवली आहेत. "खालून येत नाही" म्हणाली ते तिच्या आईबापाला विचारून तुला पाठवते. कानाला लावून शांतपणे ऐक. ती थांबते आणि नुसता ट्रॅक्टर ऐकू येतो, तेवढा वेळ मोज. तुझा पाठ तिथं किती सेकंद वाट बघतो, ते मला रविवारी फोन केलास की सांग.

तुझी,
आई