आधी इंजिन बंद, मग पेट्रोल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेट्रोलच्या भावाबद्दल तुमच्याकडे ढिगाने पत्रं येत असणार, हे त्यातलं नाही. पंपावर आपण गिऱ्हाईक म्हणून कसे वागतो आणि तिथं दिवसभर नोझल धरून उभ्या असलेल्या पोरांचं कसं अजिबात ऐकत नाही, त्याबद्दल लिहितोय.

परवा कर्वे रोडच्या बाजूला एका पंपावर हवा भरायला थांबलो होतो. एक मोठी गाडी आली, काच चार बोटं खाली झाली आणि आतनं आवाज, "दोन हजारचं टाक." पोरगा म्हणाला, काका इंजिन बंद करा ना. काका म्हणतात, "अरे एसी चालूय, पोरं आहेत आत, तू टाक." पोराने मागची लाइन बघितली, मालकाच्या केबिनकडे बघितलं आणि गुपचूप नोझल लावली. आणि हेच काका मान वाकडी करून मीटरवर झिरो आहे की नाही ते मात्र डोळ्यात तेल घालून बघत होते! झिरो बघाच हो, तो आपला हक्क आहे, शंका आली तर पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवा म्हणून सांगता येतं, भेसळ बघायला फिल्टर पेपरही मागता येतो. पण पाच-दहा रुपयांसाठी जेवढी नजर ठेवतो त्याच्या निम्मी तरी बाकीच्या गोष्टींवर ठेवायला काय हरकत आहे.

मुळात पेट्रोल पेटतं म्हणजे त्याची वाफ पेटते, आणि ती वाफ व्हायला ऊन लागतच नाही, उणे चाळीस डिग्रीच्या आसपाससुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सुटते, मग पुण्याच्या मे महिन्यात काय होत असेल बघा. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते त्यामुळे वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, शेजारच्या गाडीच्या खालीसुद्धा. दिसत तर काहीच नाही, फक्त वास येतो. म्हणून तुमची गाडी बंद आणि मागच्याची धडधडत चालू असं असेल तरी उपयोग नाही. हल्ली बटन-स्टार्ट आणि हायब्रिड गाड्या आल्यात, त्यातल्या कित्येकांचं सिग्नलला इंजिन आपोआप बंद पडतं तसं पंपावरही पडतं आणि लोकांना वाटतं झाली गाडी बंद. नाही झाली, ती मनात येईल तेव्हा परत चालू होते, बटन दाबूनच बंद करायची.

पण खरी काळजी मला टूव्हीलरवाल्यांची वाटते आणि पुण्यात आपण सगळे टूव्हीलरवालेच. बाइकची टाकी दोन गुडघ्यांच्या मध्ये, खाली तापलेलं इंजिन, बाजूला तापलेला सायलेन्सर, पुढे टाकीवर लहान पोर बसवलेलं, मागे बायको पिशव्या घेऊन, आणि कोणीही उतरत नाही. पोराचं तोंड अगदी झाकणावर. थोडं सांडलं आणि भडका उडाला तर पहिला पेट आपल्याच पँटला लागणार, आणि गाडीवर तिघं बसलेले असताना पटकन उतरणार कसं? ॲक्टिव्हाला पूर्वी सीट उचलायला तरी उतरावं लागायचं, आता झाकण बाहेर आल्यापासून तेही गेलं. सगळ्यांनी उतरायचं, गाडी स्टँडवर लावायची, पोराला चार पावलं लांब उभं करायचं, एवढं केलं तर फार तर अर्धा मिनिट जास्त जातो.

आता राऊंड फिगर. टाकी फुल सांगितली की नोझल टक करून आपोआप बंद होते, तिथं थांबायचं असतं. आपण थांबत नाही, "९६७ झालेत, हजार कर." मग पोरगा थेंब थेंब ढकलत बसतो, पेट्रोल तोंडापर्यंत येतं, बाहेर सांडतं, आणि टाकीतली वाफ अडवायला जो कोळशाचा डबा असतो, कॅनिस्टर म्हणतात त्याला, त्यात वाफेच्या जागी पेट्रोल शिरतं आणि तो खराब होतो. बीएस-६ म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या बाइकलाही तो असतो. तेहतीस रुपयांच्या हिशोबासाठी गॅरेजचं बिल कशाला ओढवून घ्यायचं, यूपीआयने ९६७ पण जातात की! काही जण तर स्वतः पाइप हातात घेऊन उंच धरून झटकतात, आतलं शेवटचं पेट्रोलही आपलंच म्हणून. ते टाकीत किती पडतं देव जाणे, रंगावर आणि सायलेन्सरवर मात्र नक्की पडतं. याच्या उलट दर उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवर फिरतं की टाकी फुल करू नका, स्फोट होतो, खाली नाव इंडियन ऑइलचं. कंपनीने स्वतः सांगितलंय की हे खोटं आहे, टाकी बनवतानाच वर जागा सोडलेली असते. टक होईपर्यंत खुशाल भरा.

मोबाईलचं म्हणाल तर त्याच्या सिग्नलने आग लागते असं जे म्हणतात त्याला ठोस पुरावा नाही. अमेरिकेत पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पंपावरच्या आगींची माहिती गोळा केली तेव्हा बऱ्याच ठिकाणी कारण निघालं स्थिर वीज, म्हणजे थंडीत स्वेटर काढताना जी चटचट होते ती. तिकडे लोक स्वतः पेट्रोल भरतात, नोझल लावून गाडीत जाऊन बसतात, सीटला कपडे घासतात आणि परत येऊन नोझलला हात लावतात. आपल्याकडेही डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते, तेव्हा भरेपर्यंत आत-बाहेर करू नका, आणि झाकणाला हात लावायच्या आधी गाडीच्या पत्र्याला हात लावा. मोबाईल तरीही खिशातच ठेवायचा, एक तर नियम आहे, आणि दुसरं म्हणजे फोनवर बोलणाऱ्या माणसाचं गाडीत पेट्रोल टाकतायत की डिझेल याकडे लक्ष नसतं. डिझेलच्या गाडीत पेट्रोल पडलंच तर चावी अजिबात फिरवू नका, गाडी ढकलत बाजूला घ्या आणि मेकॅनिकला बोलवा, इंजिन चालू केलं की खर्च कुठल्या कुठे जातो.

सीएनजीवाल्यांना वेगळं सांगायला हवं. गाडीच्या टायरमध्ये हवेचा दाब ३०-३५ पीएसआय असतो, सिलिंडरमध्ये गॅस भरतात २०० बारच्या दाबाने म्हणजे जवळपास २९०० पीएसआय, आणि तो सिलिंडर बहुतेक गाड्यांत असतो मागच्या सीटच्या पाठीमागे. म्हणून सगळ्यांना उतरा म्हणतात. इथं भांडणं होतात, आजींचे गुडघे दुखतात, बाळ झोपलंय, सगळं खरं आहे, मग नंबर यायच्या आधीच त्यांना पंपाच्या कडेला सावलीत उतरवा, लाइन तशीही हलत नसते! आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी, दर तीन वर्षांनी करायची असते, ती तारीख आपल्या गाडीला लावलेल्या सीएनजीच्या प्लेटवर आहे ती आज जाऊन बघा.

पाण्याच्या बाटलीत पेट्रोल मागणाऱ्यांबद्दल काय लिहायचं. नाही म्हटलं की दादागिरी. पेट्रोल न्यायचंच असेल तर त्यासाठीचा घट्ट झाकणाचा कॅन हवा, तो भरताना डिकीत न ठेवता जमिनीवर ठेवायचा, म्हणजे स्थिर वीज जमिनीत जाते.

आणि समजा भडका उडालाच तर टाकीतली नोझल ओढून काढू नका, जळतं पेट्रोल सगळीकडे उडतं. लांब व्हा, ओरडा, पंपावर सप्लाय बंद करायचं बटन असतं ते ती पोरं दाबतील. पाणी ओतू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. अग्निशामक दलाचा नंबर १०१.

माझं खरं मागणं पंपमालकांकडे आणि तेल कंपन्यांकडे आहे. इंजिन बंद नाही तर पेट्रोल नाही, हे सांगायचा अधिकार त्या पोराला द्या आणि गिऱ्हाईक केबिनमध्ये तक्रार घेऊन आलं की पोरालाच झापू नका. आज तो गप्प बसतो कारण त्याला माहितीये की मालक गिऱ्हाइकाचीच बाजू घेणार. सूचनांचा बोर्ड छपराच्या वर कुठेतरी लटकवलेला असतो तो खाली आणा, मराठीत, मीटरच्या शेजारी, मोठ्या अक्षरात. आणि त्या लाल बादल्यांमधली वाळू एकदा बदला, बऱ्याच पंपांवर त्यात गुटख्याच्या पुड्या आणि चहाचे कागदी कप भरलेत.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे