बर्गींची आठवण आपणही ठेवावी

युद्धात सैनिकांनी सामान्य माणसांवर केलेल्या अत्याचारांची चर्चा निघाली की आपल्याला परक्या फौजाच आठवतात. आमच्या शेजारच्या बंगाली आजी नातवाला झोपवताना जी अंगाई म्हणतात, तीत मात्र 'बर्गी' येतात. बर्गी म्हणजे बारगीर, मराठी फौजेतले घोडेस्वार, आपलेच. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. गावे जाळली, लूट केली, बायकांची विटंबना केली. गंगाराम या तिथल्या समकालीन कवीने हे सारे लिहून ठेवले आहे. कलकत्त्याभोवती 'मराठा खंदक' खोदला गेला तो याच धास्तीने.

हा विषय काढला की लोक ताबडतोब शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीला गेलेले पत्र पुढे करतात. जरूर करावे. रयतेचे दाणे, गवत, भाजी फुकट उचलाल तर लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असे त्यात बजावले आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतका बारकावा! पण त्या पत्राने बंगालच्या स्वाऱ्या कशा झाकणार? उलट याच पत्राच्या मापाने त्या मोजायला हव्यात. रघूजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना बंगालचा नवाब अलीवर्दीखानाने १७४४ मध्ये भेटीला बोलावून दग्याने मारले, हे आपण चवीने सांगतो. त्याआधीची दोन वर्षे मात्र गाळतो.

– एक वाचक, महाल, नागपूर