देवघेव विभागाची कपाटे उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सदाशिव पेठेत माझी मेस आहे. जेवायला येतात ती बहुतेक स्पर्धा परीक्षांची मुले-मुली. कुणी नांदेडचे, कुणी बुलढाण्याचे. दिवसभर अभ्यासिकेत बसतात. यातल्या बऱ्याच अभ्यासिका वाचनालयांच्याच इमारतीत आहेत. भिंतीपलीकडच्या खोलीत हजारो पुस्तके असतात, पण त्या खोलीत ही मुले पाऊल टाकत नाहीत. त्यांना दोष कसा द्यायचा? मी वर्षानुवर्षे वर्गणी भरते त्या वाचनालयाच्या देवघेव विभागात, म्हणजे पुस्तके घरी न्यायला देतात तिथे, मलाही आत जाता येत नाही. काचेची कपाटे, त्यांना कुलपे आणि काउंटरवर यादीची वही. पुस्तकाचे नाव सांगा, नाहीतर दाखल क्रमांक सांगा, मग शिपाई आणून देणार. काय वाचायचे ते घरूनच ठरवून आलेल्याची यात चांगली सोय होते. ज्याचे ठरलेले नाही तो वही चाळतो आणि मागच्याच लेखकाची आणखी एक कादंबरी घेऊन घरी जातो.

पूर्वी मी दुसऱ्या वाचनालयाची सभासद होते. तिथे कपाटांमधून फिरता यायचे. रोज त्याच त्या भाज्यांना मुले कंटाळतात म्हणून मी पाककृतींची पुस्तके पाहायला गेले. तिथली पुस्तके ड्युई दशांश पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेल्या क्रमांकाप्रमाणे, लावलेली होती. त्या पद्धतीत स्वयंपाक ६४१ वर येतो, आणि त्याच फळीवर अलीकडे मधमाशीपालन ६३८, पशुपालन ६३६, फळबागा ६३४. हात भलतीकडे गेला आणि पाठपुठ्ठा निखळलेले मधमाश्यांचे पुस्तक घरी आले. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत एकाशेजारी एक पोळी बांधते, म्हणून ती पेटीत पाळता येते. आग्या माशी उघड्यावर एकच मोठे पोळे लावते, ती पेटीत राहत नाही आणि हंगाम बदलला की आपण होऊन निघून जाते. हे सगळे मी ओट्यापाशी उभ्याने वाचले. पुढे आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्याचे पोळे लागले. रात्री धूर करून ते जाळायचे असे सभेत ठरत आले होते. मी पुस्तकातले सांगितले, गच्चीचे दार बंद ठेवायला लावले आणि थोडे थांबू या म्हटले. फुलोरा सरला तशा माश्या निघून गेल्या. या विषयाची केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आपल्याच गणेशखिंड रस्त्यावर आहे, हेही मला तेव्हाच समजले. यादीच्या वहीतून मी मधमाश्यांचे पुस्तक जन्मात मागितले नसते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. त्यातले एक ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ आणि दुसरे ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’. या दुसऱ्यासाठीच त्यांनी मुक्तद्वार पद्धतीचा, म्हणजे वाचकाला थेट फळीपर्यंत जाऊ देण्याचा, आग्रह धरला होता. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून साजरा करतो. फोटोला हार घालतो आणि कपाटाची किल्ली मात्र टेबलाच्या खणातच राहते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुस्तके चोरीला जातात, इकडची तिकडे होतात, ही अडचण खरी आहे. अनुदान तुटपुंजे, पगार तुटपुंजे, माणसे कमी; त्यात पुस्तके शोधत बसायचे कुणी? पण पिशव्या दाराशी ठेवून घेता येतात. काढलेले पुस्तक वाचकाने परत फळीवर लावायचे नाही, टेबलावर ठेवायचे, एवढा नियम केला तरी निम्मा गोंधळ टळतो. दुर्मिळ आणि जीर्ण ग्रंथ खुशाल कुलपात राहू देत. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो तेव्हा एवढ्या गर्दीतही माणसे पुस्तके हातात घेऊन, चार पाने वाचून नीट परत ठेवतातच की! तीच माणसे वाचनालयातही येतात.

दुसरी विनंती अगदी बिनखर्चाची. परत आलेली पुस्तके लगेच कपाटात न टाकता दिवसभर काउंटरबाहेर एका टेबलावर मांडून ठेवा. लावू नका, विषयही पाडू नका. कुणाचे प्रवासवर्णन, कुणाचे शेअर बाजारावरचे, कुणाचा कवितासंग्रह, दोन जुने दिवाळी अंक, सगळे एकत्र असू द्या. शेजारच्यांनी काय वाचले ते पाहून माणूस ज्या विषयाकडे कधी वळला नसता त्याकडे वळतो. माझा तरी अनुभव तसा आहे.

मेसमध्ये पाण्याच्या पिंपाशेजारी मी एक फळी लावली आहे. अप्पा बळवंत चौकात आणि फुटपाथवर मिळालेली जुनी पुस्तके तिथे ठेवते. कृषी पदवीधर असलेला एक मुलगा पानावर बसल्या बसल्या गडकिल्ल्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांविषयीचे पुस्तक वाचत होता. आमटी निवली तरी त्याचे लक्ष नव्हते. शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांत बारा महिने पाणी कसे राहते, हे त्याने मला तिथेच पोळीच्या तुकड्याने ताटात रेघा ओढून समजावले. पुढच्या रविवारी डबा बांधून घेऊन तो जुन्नरला गेला. याच मुलाचे अभ्यासिकेतले टेबल वाचनालयाच्या कपाटांपासून पन्नास पावलांवर आहे. तो महिन्याला अभ्यासिकेचे पैसे भरतो, पण देवघेव विभागाचा सभासद व्हायचे तर वेगळी वर्गणी आणि वेगळी अनामत. घरून येणाऱ्या पैशांत खोली, मेस आणि क्लास भागवणाऱ्याने ती कुठून आणावी?

शहरातल्या वाचनालयांच्या कार्यकारिणींनी येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा. अभ्यासिकेच्या प्रत्येक मुला-मुलीला त्याच शुल्कात एका वेळी एक पुस्तक घरी नेऊ द्यावे, आणि ते फळीवरून स्वतःच्या हाताने काढू द्यावे. फळ्या पुसायला, पुस्तके लावायला माणसे कमी पडत असतील तर दुपारी तीन ते पाच मी मोकळी असते. आमच्या पेठेत अशा आणखी बायका आहेत. बोलवा, आम्ही येऊ.

आपली नम्र,
एक मेसचालक वाचक,
सदाशिव पेठ, पुणे