भांडण आजचं, आकडे २०११ चे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले काही दिवस वाचकांच्या पत्रांमध्ये लोकसंख्या आणि धर्म यावरून जे काही चाललंय ते वाचतोय. एक जण म्हणतो अमक्यांची संख्या भरमसाट वाढतेय, दुसरा म्हणतो छे तसलं काही नाही, तिसरा मधेच आपली जगातली पहिल्या पाचातली इकॉनॉमी घेऊन येतो. सगळेच ठाम. पण एकानेही हे लिहिलं नाही की धर्मानुसार खरोखर मोजलेले जे आकडे आपल्याकडे आहेत ते २०११ च्या जनगणनेचे आहेत, आणि तेसुद्धा २०१५ च्या ऑगस्टमध्ये बाहेर आले. तेव्हा देश १२१ कोटींचा होता. हिंदू ७९.८ टक्के, मुस्लिम १४.२, ख्रिश्चन २.३, शीख १.७, बौद्ध ०.७, जैन ०.४. त्यानंतरचं सगळं अंदाजपंचे. २०२३ ला आपण चीनला मागे टाकलं म्हणून पेढे वाटून झाले, तोसुद्धा संयुक्त राष्ट्रांचा अंदाजच होता, घरोघरी जाऊन डोकी कुणी मोजली नव्हती.

१८८१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना होत आली, १९४१ ला महायुद्ध चालू असताना पण झाली (आकडे पूर्ण छापले नाहीत ती गोष्ट वेगळी). २०२१ ची कोविडमुळे पुढे ढकलली हे समजू शकतो, पण नंतर निवडणुका झाल्या, कुंभमेळा झाला, जनगणना मात्र पुढेच सरकत राहिली. आता १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणार आहे, जातीचीही नोंद होणार आहे.

आणि हा नुसता कागदोपत्री घोळ नाही. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा गावाकडच्या ७५ टक्के आणि शहरातल्या ५० टक्के लोकांपर्यंत धान्य पोचवायचं म्हणतो, पण टक्के कशाचे काढायचे तर शेवटच्या जनगणनेचे, म्हणून वरची मर्यादा ८१.३५ कोटींवर अडकून बसलीय. आज देश १४० कोटींचा धरा आणि तेच प्रमाण लावा, आकडा ९३ कोटींच्या वर जातो. म्हणजे दहा-बारा कोटी माणसांचं रेशन निव्वळ जुन्या आकड्यामुळे अडलंय, त्यात सगळ्या धर्मांचे लोक आलेच. यावर कुणी पत्र लिहीत नाही!

आता 'त्यांना मुलं फार होतात' या लाडक्या मुद्द्याबद्दल. जनगणना नसली तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आहे, सॅम्पलवर असतं पण बऱ्यापैकी भरवशाचं. १९९२-९३ ला एका बाईमागे सरासरी मुलं हिंदूंमध्ये ३.३ आणि मुस्लिमांमध्ये ४.४ होती, २०१९-२१ ला हेच आकडे १.९ आणि २.४ वर आलेत. दोन्हीकडे घसरण, आणि मुस्लिमांमध्ये जास्त वेगाने. केरळातल्या मुस्लिम बाईला बिहारमधल्या हिंदू बाईपेक्षा सरासरी मुलं कमी आहेत, मग फरक धर्माचा की मुलींच्या शाळेचा, दवाखान्याचा आणि हातात येणाऱ्या पैशाचा हे ज्याने त्याने ठरवावं. फरक अजून आहे हे मान्य, तो लपवायचं कारण नाही, पण 'स्फोट' वगैरे शब्द आता जुने झाले.

धर्माचा रकाना तर त्याहून मजेशीर आहे. २०११ च्या फॉर्ममध्ये सहा धर्मांना १ ते ६ कोड होते, बाकीच्यांनी फक्त नाव लिहायचं, कोड नाही. तरीही जवळजवळ ५० लाख आदिवासींनी, त्यात झारखंडचे सगळ्यात जास्त, तिथे 'सरना' (आदिवासींचा निसर्गपूजक धर्म) असं लिहिलं, म्हणजे जैनांपेक्षाही जास्त लोक, आणि त्यांना कोड नाही! २०२० ला झारखंड विधानसभेने वेगळ्या सरना कोडचा ठराव केला, अजून घोंगडं भिजत पडलंय. आपल्याकडे बघा, देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात आहेत, आणि १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचे हक्क लागू आहेत, तरी 'बौद्ध लिहिलं तर सवलत जाईल' ही भीती अजून कानावर येते. अशा भीतीपोटी भरलेल्या रकान्यावर आपण टीव्हीवर तासतासभर भांडायचं.

इकॉनॉमीचंही तेच. जीडीपीत पहिल्या पाचात आहोत, छानच आहे, पण डोक्यामागे भागलं तर वर्षाला २,७०० डॉलरच्या आसपास येतात. २०२३-२४ ला कामकऱ्यांपैकी ४५ टक्क्यांहून जास्त शेतीवर आणि शेतीचा वाटा पाचव्या हिश्श्याहून कमी. आणि कामकरी कोण हे ठरतं पुन्हा दारातल्या पाच मिनिटांत. गणक विचारतो बाई काय काम करतात, ओट्यावर बसलेला नवरा म्हणतो 'काही नाही, घरीच असते', आणि ती त्याच वेळी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन गोठ्याकडे चाललेली असते. नियमाप्रमाणे घरच्या शेतातलं बिनपगारी कामसुद्धा कामच धरायचं असतं. २०११ ला देशातल्या फक्त २५.५ टक्के बायका कामकरी निघाल्या, बाकीच्यांतल्या किती अशा ओट्यावरच गळल्या देव जाणे.

म्हणून पेपरला एक विनंती आहे. गणक दारात यायच्या आधी ती प्रश्नावली साध्या मराठीत पानभर छापा, धर्म आणि काम हे दोन प्रश्न जरा मोठ्या अक्षरात. आणि धर्मावरची पत्रं येतच राहणार आहेत, तर आकडा कुठल्या सालचा आहे एवढं तरी त्याखाली टाकत जा.

आपला,
एक नियमित वाचक